पहिलं घर की दोन सीटची गाडी? २४ लाख हातात आहेत, मत हवंय

मोकळी_वाट

नमस्कार. वय ३१. नोकरी चाकणला, गाड्यांच्या चाचणी विभागात. वाकडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते, माझ्या वाट्याला ११ हजार येतात. आईबाबा कराडला स्वतःच्या घरात आहेत, दोघांनाही पेन्शन आहे. माझ्यावर कर्ज नाही. नोकरी लागल्यापासून साठवलेले २४ लाख एफडी आणि म्युच्युअल फंडात आहेत. अडीअडचणीचे पैसे वेगळे ठेवलेत, ते यात धरले नाहीत. महिन्याला साधारण ४५ हजार बाजूला पडतात.

आता दोन गोष्टी एकदम समोर आल्यात.

एक, रावेतला बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात टू बीएचके. करारनाम्याची किंमत ८० लाख, ताबा २०२८.

दोन, बीएमडब्ल्यू झेड४. २०१२ ची, तीन लिटर टर्बो पेट्रोल, मागच्या चाकांना ताकद, पत्र्याचं दुमडणारं छत. दिल्ली पासिंग आहे, पण गाडी सध्या बाणेरच्या एका विक्रेत्याकडे उभी आहे. २३ लाख म्हणतोय.

दिवसभर कंपनीच्या गाड्या चालवते आणि त्या कशा वळतात, कशा थांबतात याचे अहवाल लिहिते. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळणं म्हणजे काय, हे मला नेमकं माहीत आहे. कुंभार्ली घाटात बाबांच्या मारुती ८०० वर शिकले, तेव्हापासून एक खऱ्या अर्थाने चालवण्यासाठी बनवलेली गाडी आपली असावी असं वाटतं. आणि स्वतःच्या नावाचं घर असावं हेही तितकंच मनापासून वाटतं. दोन्ही एकदम शक्य नाही. आधी काय?

टेकडीचा_वारा

घर. गाडी काय, पुढेही मिळेल.

गिअर_टाका

पूर्ण असहमत. या गाडीत जमिनीपासून हातभर उंचीवर बसायचं असतं. त्यात शिरायला आणि त्यातून उठायला कंबर-गुडघे धड लागतात. घर पन्नाशीतही घेतात लोक. आत्ता घे!

हिशेबनीस

आधी आकडे मांडू, मग भावना.

८० लाखांचा फ्लॅट. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते. म्हणजे ६४ लाख बँकेचे, १६ लाख तुमचे. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख. पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. हे वरचे खर्च बँक कर्जात धरत नाही. एकूण २५ लाख ९० हजार रोख हवेत. तुमच्याकडे २४ आहेत.

हप्ता: ८ टक्के, २० वर्षं, साधारण ५३,५०० रुपये. पूर्ण मुदतीत व्याजच ६४ लाखांवर जातं. नव्या कररचनेत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावटही नाही.

आता आधी गाडी घेतली तर काय? २४ लाख परत जमायला ४५ हजारांच्या वेगाने चार वर्षं धरा. तेवढ्यात घराचा भाव वर्षाला ५ टक्के वाढला तर ८० चे ९७ लाख होतात. ७५ लाखांवरच्या कर्जाला मर्यादा ७५ टक्क्यांची आहे, त्यामुळे कर्ज ७५ लाखांवरच थांबवलेलं बरं. म्हणजे २२ लाख तुमचे, शिवाय जीएसटी, मुद्रांक, नोंदणी मिळून आणखी १२. आज २६ लाखांत जे दार उघडतंय त्याला तेव्हा ३४ लागतील. गाडीची खरी किंमत २३ लाख नाही, त्यात हे ८ लाखही मिळवा.

नाकासमोर

हिशेबनीस, एक भर. धागाकर्ती बाई आहेत, घर एकटीच्या नावावर घेणार आहेत. महाराष्ट्रात २०२१ पासून महिलांच्या नावावरच्या निवासी घराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पूर्वी असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अटही २०२३ मध्ये काढली. तेव्हा ७ ऐवजी ६ टक्के. ८० हजार वाचले.

हिशेबनीस

बरोबर. म्हणजे २५ लाख १० हजार. तरी लाखभर कमीच.

गिअर_टाका

तो "५ टक्के वाढला तर" फार मोठा "तर" आहे. २०१४ नंतर पाच-सहा वर्षं पुण्यात भाव जवळपास जागेवर होते. त्या काळात घाईने बुक केलेल्यांना विकताना गुंतवलेले पैसेही सुटत नव्हते. रावेतला हाच फ्लॅट भाड्याने २४-२५ हजारांत मिळतो. ५३ हजारांचा हप्ता भरून २५ हजारांची वस्तू वापरायची, यात घाई कसली?

टेकडीचा_वारा

भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी करार, पोलीस पडताळणी, दलाली, सामान हलवणं. मालकाचा मुलगा परदेशातून आला की घर रिकामं करा. एकट्या राहणाऱ्या मुलीला घर देताना लोक काय काय विचारतात ते मैत्रिणींना विचारा. हे भाड्याच्या आकड्यात येत नाही.

कोरी_पाटी

टेकडीचा_वारा, शंभर टक्के खरं. मी घर बघायला गेले होते तेव्हा मालकीणबाईंनी पगाराआधी "आईवडील कधी येणार राहायला" हे विचारलं होतं. स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःकडे असण्याला वेगळं वजन आहे, आणि ते मी कुठल्याही तक्त्यात मांडणार नाही.

आरटीओ_चक्कर

घराचं सगळे बोलतायत, मी गाडीच्या कागदांवर बोलतो. माझं रोजचं काम हेच आहे.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. मर्यादा जवळ आली की तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात आणि पुणे, बेंगळुरूला येतात. गाडी वाईट असते असं नाही, पण स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या.

नोंदणी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये १५ वर्षं पूर्ण. तेव्हा फिटनेस तपासणी आणि आरसीचं नूतनीकरण. साध्या मोटारीला हे शुल्क ५ हजार आहे, आयात केलेल्या गाडीला ४० हजार. झेड४ पूर्ण बनून बाहेरून आलेली, त्यामुळे ४०. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर. नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचंच होतं.

त्याआधी दिल्लीचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग इथला रस्ता कर. वयाप्रमाणे तो घटतो, पण निघतो मूळ किमतीवरून, आणि ही गाडी नवी असताना भारी किमतीची होती. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नोंदणी बदलावीच लागते. एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नंबरपाटी बसलीय का तेही बघा. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बोजा (गाडीवरचं कर्ज) आणि थकलेली ई-चलनं आजच तपासा.

विमा: थर्ड पार्टीचा दर १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये अधिक कर, तो किरकोळ. पण इतक्या जुन्या गाडीला घसारामाफी (झिरो डेप) संरक्षण बहुतेक कंपन्या देत नाहीत. दिवा फुटला तर नव्या दिव्याच्या किमतीतला मोठा हिस्सा तुमच्या खिशातून.

मोकळी_वाट

आरटीओ_चक्कर, तुमचा प्रतिसाद मी उतरवूनच घेतला. बोजा नाही, चलनं दोन आहेत. नूतनीकरणाचे ४० हजार मला माहीत नव्हते.

हिशेबनीस, तुमचा तक्ता बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हा माणूस कोण आहे, त्याला घरी जेवायला बोलाव."

हिशेबनीस

बाबांना नमस्कार सांगा. कराडला आलो की येतो.

माईआजी

मुली, माझं वय आता ७४. आमच्या वेळी एवढे पर्यायच नव्हते. १९८३ मध्ये ह्यांनी चेतकसाठी नाव नोंदवलं आणि स्कूटर दारात यायला कितीतरी वर्षं गेली. तोवर सायकल आणि पीएमटी. मधल्या काळात कोथरूडला सोसायटीत दोन खोल्यांची जागा घेतली. तेव्हा कोथरूडला गाव म्हणायचे, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे. माहेरचे म्हणाले, "इतक्या लांब कशाला?"

घर घेतलं ते योग्यच झालं, मला त्यात जराही शंका नाही. पण ते आम्हाला झेपेल एवढंच घेतलं. दोन खोल्या. हप्ता भरूनही आम्ही वर्षातून एकदा कोकणात जायचो, पुस्तकं घ्यायचो, मुलांना पोहायला घालायचो. तुझ्या ५३ हजारांत मला ते दिसत नाही. २० वर्षं म्हणजे तू ५१ ची होशील. घर घे, पण ८० लाखांचंच कशाला? जरा कमीचं बघ.

लाल_डबा

माईआजी +१०००. कोथरूड लांब म्हणणाऱ्या माहेरच्यांना रावेत दाखवायला हवं होतं.

पावसाळी_ढग

एक विचारू का? लग्नाचा विचार असेल तर दोघांनी मिळून घर घेणं सोपं जातं. दोन पगारांवर कर्ज जास्त मिळतं. म्हणून थांबावं असं माझं मत.

कोरी_पाटी

का थांबावं? तिने प्रश्न पैशांचा विचारलाय, स्वतःच्या कमाईचा. नवरा येईल तेव्हा येईल, त्याच्यासाठी घराचं वेळापत्रक आजपासून का अडकवायचं? उलट आधी एकटीच्या नावावर घर असलेली बाई लग्नाच्या बोलणीत ताठ बसते. माझ्या दोन्ही मावसबहिणींच्या बाबतीत बघितलंय.

पावसाळी_ढग

मान्य, हेतू वाईट नव्हता. कर्जाच्या रकमेच्या दृष्टीने म्हणालो.

इसारकाठी

म्युनिकहून लिहितोय. इथे निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात आणि त्यांना कोणी बिचारं समजत नाही. भाडेकरूला कायद्याचं भक्कम संरक्षण आहे, हे मुख्य कारण. घर घेताना राज्याचा खरेदी कर, नोटरी, दलाल सगळं रोखीने द्यावं लागतं. मी स्वतः भाड्यानेच राहतो, समाधानी आहे. पण हा हिशेब पुण्याला जसाच्या तसा लावू नका. टेकडीचा_वारा यांनी लिहिलेली अकरा महिन्यांची टांगती तलवार इथे नाही.

गाडीबद्दल मात्र एक. न्युर्बर्गरिंगचा जुना ट्रॅक, २०.८ किमी, ठरावीक दिवशी सर्वसामान्यांसाठी खुला असतो. तिकीट काढा आणि चालवा. अशा गाड्या तासा-दिवसाच्या भाड्याने देणारे तिथेच आहेत. मी दरवर्षी जातो. मला ती गाडी वर्षभर दारात उभी असण्याची गरज वाटत नाही, ती वळणं मिळाली की झालं. तुम्हाला नेमकं काय हवंय, गाडी असणं की गाडी चालवणं?

घाटमाथा

इसारकाठींचा प्रश्न चांगला आहे, पण आपल्याकडे न्युर्बर्गरिंग कुठाय? ताम्हिणी आहे, वरंध आहे, आंबेनळी आहे. पावसात ताम्हिणीत धुकं इतकं उतरतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच काय तो दिसतो, आणि वरंध तर दरडींमुळे पावसाळ्यात बंदच ठेवतात. उरले आठ महिने. त्यात शनिवार-रविवार सगळं पुणे मुळशीला. पहाटे साडेपाचला निघालात तर दीड तास रस्ता तुमचा.

आणि वेग म्हणाल तर द्रुतगती मार्गावर मर्यादा १००, तीही सपाटीला. समृद्धीवर १२०. जागोजागी कॅमेरे. २५० ला पोचणाऱ्या गाडीचं करायचं काय?

मोकळी_वाट

घाटमाथा, मला सरळ रस्त्यावरचा वेग नकोच आहे. समृद्धीवर १२० ने जायला कुठलीही सेडान पुरते. ४० च्या वेगाने एका वळणात शिरताना पुढची चाकं किती पकडून आहेत ते तळव्याला कळावं, वळण संपताना मागून अलगद ढकललं जावं, हा आनंद आहे. त्याला मर्यादा मोडावी लागत नाही. कुंभार्लीत कोयनानगरकडून चिपळूणला उतरताना अशी वळणं आहेत की मी बसमध्ये असले तरी हात आपोआप वळतात.

इसारकाठी, तुमच्या प्रश्नावर विचार करतेय. उत्तर लगेच देत नाही.

झणझणीत_रस्सा

मधला मार्ग सांगू? फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दीड लिटर टर्बो, १५० पीएस, नवी, वॉरंटीसह, चार माणसं आणि कराडहून येताना आईने दिलेल्या पिशव्या बसतात. नाहीतर जुनी पोलो जीटी, ती तर आणखी स्वस्त. उरलेल्यात घराची सुरुवात करा.

गिअर_टाका

रस्सा, व्हर्टस चांगली आहे, पण तिला मागच्या चाकांची गाडी हवीय. गोड हवंय त्याला तिखट वाढून कसं चालेल?

मांडवीकाठ

अवांतर होतंय, पण राहवत नाही. दोन सीटच्या उघड्या गाडीसाठी बाहेरच बघायला हवं असं नव्हतं. सॅन स्टॉर्म आठवते का कोणाला? नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्याच्या सॅन मोटर्सने काढली होती. छोटं रेनॉचं इंजिन, फायबरची बॉडी, वजनाला हलकी. पणजीत एक पिवळी फिरायची, आम्ही शाळेतून येताना तिच्यामागे सायकली पिटाळायचो. फार थोड्या बनल्या.

घाटमाथा

आठवते तर! आणि दिलीप छाब्रियांची अवंतीही. २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली, भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून केवढं कौतुक झालं होतं.

पुनावळेकर

घर आणि गाडी यांच्या मधली एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही. पार्किंग!

आमच्याकडच्या नव्या इमारतींत दोन-तीन मजली यांत्रिक पार्किंग असतं, सगळे पझल पार्किंग म्हणतात. त्याच्या पाट्याला उंची, रुंदी, वजन सगळ्याची मर्यादा. झेड४ बुटकी आहे म्हणून मावेल, पण पाट्याच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यावर पोट घासेल. तळघर असेल तर उताराच्या टोकाला पुढचा बंपर टेकतो. आमच्या सोसायटीत एकाने जमिनीलगतची गाडी आणली, रोज फळी टाकून चढवायचा. शेवटी दुसरीकडे भाड्याने जागा घेतली.

सध्या वाकडला कुठे लावणार आहात? झाडाखाली, रस्त्यावर? २३ लाखांच्या गाडीवर रात्री कुत्री झोपणार आणि कोणीतरी किल्लीने रेघ ओढणार. पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचतं, बुटक्या गाडीचं हवा ओढणारं तोंड खाली असतं, इंजिनात पाणी गेलं की काम तमाम.

आणि घर घेताना पाणी विचारा. ताबा मिळाला म्हणजे नळाला पाणी आलं असं नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरचं बिल देखभाल खर्चापेक्षा जास्त होतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेलीय ते बघा. ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचा नियम असला तरी उशीर होतोच. त्या काळात भाडंही तुम्हीच भरता आणि हप्ताही सुरू झालेला असतो.

नाकासमोर

पुनावळेकरांना जोडून: तयार घर बघा ना. भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या किंवा पुनर्विक्रीच्या फ्लॅटवर जीएसटी नाही. ८० लाखांवर ४ लाख तिथेच वाचतात. पाणी, शेजार, पार्किंग, उतार सगळं डोळ्यांनी दिसतं.

टेकडीचा_वारा

म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडतही लक्षात ठेवा. वर्षाला १२ लाखांच्या वर उत्पन्न असलं तर उच्च उत्पन्न गटात अर्ज करता येतो.

कोरी_पाटी

इसारकाठींच्या प्रश्नाला आपल्याकडचं उत्तर द्यायचं राहिलं. ट्रॅक आहेत की! कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. दोन्हीकडे रेसिंग शिकवणाऱ्या शाळा चालतात. एकाच माणसाच्या, उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाड्या देतात. माझा भाऊ कोइम्बतूरला शिकून आला. सांगत होता, पाय सरळ लांब करून जमिनीला टेकून बसायचं, पॉवर स्टिअरिंग नाही, दुपारपर्यंत दंड भरून येतात. ताई, ज्याला तुम्ही "हाताला रस्ता कळणं" म्हणता ते तिथे नक्की मिळेल, आणि खर्च लाखांच्या हिशेबात २३ च्या जवळपासही जात नाही.

लाल_डबा

हा धागा वाचून मी आज एसटीच्या ड्रायव्हरमागच्या सीटवर बसलो. त्यांच्याही हाताला रस्ता कळतो, आणि मागच्या चाकांनाच ताकद असते.

माईआजी

लाल_डबा, शिवनेरी असेल तर मीही येते.

मोकळी_वाट

सगळ्यांचे प्रतिसाद परत वाचले. या शनिवारी-रविवारी दोन्ही गोष्टी बघून आले, म्हणून लिहितेय.

आधी गाडी. विक्रेत्याने चालवायला दिली, बाणेरहून पाषाण, सूसच्या टेकडीवरून परत. ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवरही घेतली. गाडी उत्तम आहे. चासीवर जोड नाही, छताचे हायड्रॉलिक एका दमात चालतात, तेलगळती नाही. टायर बदलावे लागतील, रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) आहेत त्यामुळे महाग, एवढंच. आणि चालवायला जशी वाटेल असं वाटलं होतं त्याहून चांगली. हे स्पष्ट लिहितेय, कारण पुढचं वाचून कोणाला वाटू नये की गाडीतच खोट निघाली.

मग घर. नाकासमोर यांच्या सांगण्यावरून तयार घरं बघितली. रावेतलाच, नऊ वर्षं जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, मालक ६८ लाखांना तयार आहेत. ८० टक्के कर्ज, म्हणजे माझे १३ लाख ६० हजार. मुद्रांक ४ लाख ८ हजार, नोंदणी ३० हजार. १८ लाखांत बसतं, हातात ६ उरतात. हप्ता ४५,५०० च्या आसपास. आत्ता भाडं आणि बचत मिळून माझे ५६ हजार जातातच, देखभाल धरूनही ७ हजार मोकळे राहतात. वाकडची मैत्रीण दुसऱ्या खोलीत राहायला येतेय, ती तिचे ११ हजार मला देईल. झाले १८.

तर मी घर घेतेय. ८० चं नाही, ६८ चं. माईआजी, यात तुमचा वाटा मोठा आहे.

पुनावळेकरांच्या पार्किंगच्या मुद्द्याने मला सगळ्यात जास्त हलवलं. ही गाडी घेऊन मी तिला वाकडच्या गल्लीत झाडाखाली उभी करणार होते, आणि २०२७ च्या नूतनीकरणापर्यंत तिच्यावर खर्च करायला महिन्याचे ४५ हजारच काय ते असणार होते. तेही घरासाठी साठवायचे. या फ्लॅटला तळमजल्यावर, छपराखाली, रस्त्याच्या पातळीवर पार्किंग आहे. मी टेप घेऊन गेले होते. फाटकापासून जागेपर्यंत एकच गतिरोधक आहे, तोही बसका. दोन सीटची गाडी तिथे छान उभी राहील. उरलेल्या पैशांतून गाडीचा वेगळा फंड सुरू करतेय, आणि कोइम्बतूरच्या शाळेची चौकशीही केलीय.

इसारकाठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला दोन्ही हवंय. असणंही आणि चालवणंही.

गिअर_टाका

मला निर्णय पटलेला नाही. अशा गाड्या दरवर्षी कमी होत जाणार, चांगली सापडलेली सोडायची नसते. पण टेप घेऊन पार्किंग मोजणाऱ्या माणसाशी वाद कसा घालू? तीन-चार वर्षांनी बघायला लागाल तेव्हा मला हाक मारा, मी बरोबर येईन.

इसारकाठी

सरळ उत्तर दिलंत, आवडलं. कधी इकडे आलात तर एक फेरी माझ्याकडून.

हिशेबनीस

हप्ता ४५,५०२ येतो, बरोबर धरलाय. दोन गोष्टी: किंमत ५० लाखांच्या वर आहे, त्यामुळे विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा आहे, ६८ हजार. तो किमतीतूनच जातो, वरून नाही. आणि ६ लाखांतले निदान दोन पहिल्या वर्षी रंग, प्लंबिंग, वायरिंग यांना बाजूला ठेवा, नऊ वर्षांच्या घरात ते निघतंच.

मोकळी_वाट

टीडीएसचं लिहून ठेवलं. पार्किंगबद्दल एक विचारायचं होतं. मालक म्हणतात, "पार्किंग आमचंच आहे, घराबरोबर येतं." करारनाम्यात तेवढं लिहून घेतलं की पुरेल का?

पुनावळेकर

नाही, तेवढ्यावर थांबू नका. सोसायटी नोंदणी झालेली असेल तर पार्किंगचं वाटप सोसायटी करते. मालकांच्या मूळ करारनाम्यात पार्किंगचा क्रमांक आहे का ते बघा, आणि सोसायटीकडून त्यांच्या नावावर ती जागा दिल्याचा सभेचा ठराव किंवा वाटपपत्र मागून घ्या. भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि थकबाकी नसल्याचं पत्र त्याच वेळी मागा. हस्तांतरण अधिमूल्य (सोसायटीची ट्रान्सफर फी) आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त २५ हजार, त्याहून जास्त देणगी म्हणून मागितली तर देऊ नका. सचिव शक्यतो रविवारी सकाळी कार्यालयात भेटतात. इसाराची (आगाऊ) रक्कम देण्याआधी जा.

मोकळी_वाट

या रविवारीच जाते. ठराव मिळाला की इथे लिहीन.